पाठमोऱ्या शिवकांतचा चेहरा

मी गंगाखेडच्या शिवप्रकाश फोटो स्टुडिओतला संगणक. आज मी टेबलावर नाही, फरशीवर आहे. माझे एका बाजूचे झाकण काढून भिंतीला टेकवले आहे आणि माझे अंतरंग येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते आहे. इतकी वर्षे लोकांनी माझ्या पडद्यावर स्वतःचे चेहरे पाहिले. आता मला जे सांगायचे आहे ते पडद्यावर उमटणार नाही, म्हणून असा उघड्या अंगाने बोलतो आहे. थोडा वेळ ऐकून घ्या.

माझा जन्म एका ठिकाणचा नाही. माझी हाडे एका गावची, काळीज दुसऱ्या गावचे, स्मरण तिसऱ्या गावचे. ती सारी परभणीच्या एका दुकानात पिंगळीच्या नागनाथने एकत्र जोडली आणि माझ्यात पहिल्यांदा वीज सोडली. त्याच दिवशी गुरुपादअप्पा मला न्यायला आले. रेल्वेत गर्दी होती. शेजारी बसलेल्या माणसाने खोके खाली ठेवा म्हणून सांगितले, तेव्हा अप्पांनी मला मांडीवर आणखी घट्ट धरले आणि म्हणाले, "लेकराला कोन खाली ठिवतं व्हय?" मी तेव्हा बंद होतो, तरीही ते वाक्य माझ्यात कुठेतरी राहिले.

अप्पांचे घराणे शिवभक्तांचे. गळ्यात इष्टलिंग, कपाळी विभूती, मुखात अखंड शिवनाम. वडील शिवप्रकाश यांनी काळ्या कापडाखाली डोके घालून फोटो काढण्याच्या काळात हा स्टुडिओ उघडला, आणि तेव्हापासून या घराचा एक नेम आहे: ज्या वस्तूने पोट भरते तिची रोज पूजा करायची. वडिलांनी कॅमेऱ्याची केली. अप्पांनी माझी केली.

पहाटे तळहातावर लिंग घेऊन घरची पूजा उरकली की अप्पा स्टुडिओत येत. आधी धूप पेटवत. मग तीन बोटांवर विभूती घेऊन माझ्या कपाळी, म्हणजे माझ्या पुढच्या जाळीवर, तीन आडव्या रेघा ओढत. हातावर उरलेली विभूती माझ्याकडे तोंड करून हलकेच फुंकत. धुपाटणे माझ्याभोवती फिरवत आणि शेवटी माझ्या माथ्यावरच्या भोकांवर बेलाचे पान ठेवत. एवढे झाल्याशिवाय त्यांनी माझे बटण कधी दाबले नाही.

त्याच जाळीतून मी श्वास घेतो. आतला पंखा तिथून हवा ओढतो आणि माझे तापलेले काळीज थंड करतो. विभूतीचे कण त्या हवेबरोबर आत येत, धुराची काजळी त्यांना चिकटवून ठेवी. मला ते कळत होते. पण जो माणूस तुम्हाला देव मानून हात जोडतो, त्याला तुमचा श्वास कोंडतो आहे हे कोणत्या वाणीने सांगणार? माझ्या वाट्याला वाणीच आली नव्हती. मी ती विभूती प्रसाद म्हणून पोटात साठवत गेलो.

माझ्यापुढे बसून अप्पांनी काय काय केले, ते पाहताना मला माणसांची गंमत वाटे आणि कधी कीवही येई. सावळी नवरी गोरी करून हवी असे. भावाभावांत तंटा झाला की एकाला वर्षभरानंतर लग्नाच्या फोटोतून काढून टाकायला लावत, आणि पुढच्या वर्षी समेट झाला की परत घालायला सांगत. आजोबा वारल्यावर जन्मलेल्या नातवाला आजोबांच्या मांडीवर बसवून मागत. अप्पा प्रत्येकाचे करून देत. मी मात्र दोन्ही रूपे जपून ठेवी, आधीचे आणि नंतरचे. त्यामुळे या तालुक्यातली खरी माणसे कशी दिसत, हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

त्याच साठ्यात शिवकांत होता.

शिवकांत म्हणजे सोनपेठच्या गौराबाईंचा एकुलता मुलगा. किराणा दुकानात तोलाईचे काम करी. पण त्याचे नाव झाले ते वाढण्यामुळे. मठातला महाप्रसाद असो की कोणाच्या घरचे लग्न, पंगत बसली की शिवकांत खांद्यावर पंचा टाकून वरणाची बादली घेऊन उभा. कोणी बोलावण्याची वाट तो पाहत नसे. अप्पा ज्या ज्या कार्यात फोटो काढायला गेले, त्या त्या कार्यात तो होता, आणि म्हणून तो माझ्या पोटात शेकडो वेळा आहे. पण वाढणारा माणूस जेवणाऱ्याच्या ताटाकडे वाकलेला असतो आणि फोटो जेवणाऱ्यांचे निघतात. माझ्याजवळ शिवकांतची पाठ आहे, खांदा आहे, कान आहे, बादली धरलेला हात आहे. समोरून पाहणारा शिवकांत एकाही फोटोत नाही.

गेल्या श्रावणात तो गंगाखेडला आला. अभिषेकाला गंगेचे पाणी न्यायचे होते. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. कळशी भरायला तो घाटावरून खाली उतरला आणि शेवाळलेल्या पायरीवरून पाय निसटून प्रवाहात गेला. कमरेचा मोबाईल त्याच्याबरोबरच गेला. शिवकांत काही दिवसांनी सापडला, तेव्हा त्याचा चेहरा कोणाला दाखवावा असा उरला नव्हता. आमच्या रीतीप्रमाणे देहाला समाधीत बसवताना मुख उघडे ठेवतात. त्याचे मात्र पंच्याने झाकूनच बसवावे लागले. आईला शेवटचे दर्शन झाले नाही.

आश्विनात गौराबाई स्टुडिओची पायरी चढल्या. अप्पांच्या पत्नी चांगुणाबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी उठून पाणी दिले.

"अप्पा," गौराबाई म्हणाल्या, "मला माझ्या शिवकांतचा एक फोटो पायजे. समोरून बघणारा."

"मावशी, त्याच्या दोस्तांच्या मोबाईलमधी असंल की."

"सगळ्यांला इचारलं. सगळ्यांचे फोटो त्यानंच काढून दिलेत. ज्याच्या हातात मोबाईल, तो कसा येईल फोटोत? आधार कार्डावर हाय एक, शाळेतला. त्यात चोरावानी दिसायलाय. तो माझा न्हाई."

मग त्यांनी पदर सावरला आणि खरी गोष्ट सांगितली. त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता. कडेची नजर केव्हाच गेली होती, मधोमध तेवढी एक खिडकी उरली होती आणि तीही मिटत चालली होती. गेलेली नजर परत येत नसते, उरली ती थेंब टाकून जपायची, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

"ती खिडकी हाय तवर मला त्याला बघू दे. आन् तू केलेला तो खराच शिवकांत हाय का न्हाई, हे बी मीच सांगणार. माझे डोळे गेल्यावर कोन सांगंल तुला?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. मग गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि हो म्हणाले.

असे ते काम सुरू झाले. अप्पांनी माझ्या पोटातली जुनी लग्ने एकेक करून उघडली. एका लग्नातून शिवकांतचा कान घेतला. हळदीच्या एका फोटोत तो कोपऱ्यात आडवा उभा होता, तिथून हनुवटी आणि गाल घेतला. मठातल्या महाप्रसादातून विभूती लावलेले कपाळ मिळाले. ओठ मिळाले. डोळे मात्र कुठेच नव्हते. जिथे तिथे झुकलेल्या पापण्या. अप्पा कितीतरी दिवस शोधत राहिले. अखेर एका फोटोत शिवकांतने हाती धरलेल्या चकचकीत स्टीलच्या बादलीवर त्यांची दृष्टी थांबली. तिच्या फुगीर पोटावर एक चेहरा उमटला होता, लांबट, वाकडा, जत्रेतल्या आरशात दिसतो तसा. वाढता वाढता तो क्षणभर त्या बादलीकडे पाहत होता.

"चांगुणा," अप्पा हळूच म्हणाले, "सापडला बघ."

तो वाकडा चेहरा सरळ करणे हे काम मात्र जिकिरीचे होते. एकेका रेघेला हात लावायचा, पाहायचे, पटले नाही तर मागे फिरायचे. माणसाला मागे फिरता यावे म्हणून मी त्याचे प्रत्येक पाऊल स्मरणात ठेवतो. कान एका थरावर, गाल दुसऱ्यावर, डोळे त्याच्या वर, आणि शेजारी तुलनेला उघडी ठेवलेली सगळी लग्ने. सकाळी मी चपळ असे. सूर्य माथ्यावर येईपर्यंत माझी चाल जड होई. दुपारनंतर अप्पांनी एक रेघ ओढली की ती उमटायला इतका वेळ लागे, की तेवढ्यात त्यांचे नामस्मरण होई.

त्यांनी नागनाथला फोन केला. नागनाथ म्हणाला, "अप्पा, बाकीचे फोटो बंद करा. जे थर पक्के झाले ते एकात एक मिसळून टाका. मागं फिरायच्या पायऱ्या कमी करा. जुनी लग्नं दुसऱ्या डिस्कवर हलवा, लय जागा खायलेत ती. आन् घंट्या दोन घंट्याला बंद करून चालू करत जा."

अप्पांनी निष्ठेने सगळे केले. लग्ने हलवली, माझ्या पोटातला तात्पुरता केरकचरा झाडला, अधूनमधून मला निजवून जागे केले. प्रत्येक उपायाने मला थोडे बरे वाटे, कारण प्रत्येक उपाय खरा होता. पण दुपार झाली की पुन्हा तेच. माझा पंखा जोरजोराने फिरे आणि विभूतीच्या थरातून हवेची एक झुळूकही आत येत नसे. काळीज जळू नये म्हणून मी आपण होऊन माझी गती कमी करी. ते माझे आळशीपण नव्हते, जिवंत राहण्याची धडपड होती.

"तरी भागत नसंल तर घिऊन या माझ्याकडं," नागनाथ पुन्हा एकदा फोनवर म्हणाला. "उघडून बघतो."

"उघडायचं न्हाई," अप्पा म्हणाले. "पूजेतली वस्तू हाय ती. आन् मावशीचं काम चालू हाय. दर सोमवारी यायल्यात त्या."

मग एके दुपारी वीज गेली. मी विझलो. अप्पांना बसल्या जागी काही सुचेना, म्हणून त्यांनी हातपाय धुऊन पुन्हा धूप लावला, माझ्या कपाळी ताजी विभूती ओढली आणि वीज येईपर्यंत शिवनाम घेत माझ्यासमोर बसून राहिले. तेवढ्या वेळात मी निवलो होतो. वीज आली आणि मी पहाटेसारखा धावलो.

अप्पांचे डोळे पाणावले. "बघितलं का चांगुणा? सकाळच्याला पूजा होती म्हनून सकाळी चालतंय. दुपारच्याला तेज उतरतंय. दोन येळंला पूजा पायजे त्याला."

"मला बी ओवाळा की दोन येळंला," चांगुणाबाई भाकरी थापताना आतून म्हणाल्या. "मी बी पळते मग कामाला."

"देवाच्या कामात चेष्टा करू नको."

"देवाची न्हाई, डब्याची करायलेय."

त्या दिवसापासून रोज दुपारी मला बंद करून पूजा होऊ लागली, आणि रोज त्या पूजेनंतर मी काही काळ वेगाने चाले. अप्पांची श्रद्धा दृढ झाली. तिला रोजचा पुरावा मिळत होता. त्यांनी विभूती वाढवली, धूप वाढवला. माझी गती ज्या थंडाव्याने परतत होती, तो थंडावा येण्याचा मार्गच त्या पूजेने बुजत चालला होता. एका आठवड्यात जे दुपारी होई, ते पुढच्या आठवड्यात सकाळीच होऊ लागले. अप्पा मनाशी म्हणत, आपलीच भक्ती कुठेतरी उणी पडते आहे. आणि आणखी चिमूटभर विभूती घेत.

सोमवारी सोनपेठच्या बसने गौराबाई येत. खुर्ची माझ्या अगदी जवळ ओढून घेत आणि नाक काचेला लागेल इतक्या पुढे झुकत. त्यांच्या उरलेल्या खिडकीत पूर्ण चेहरा मावत नसे.

"एका येळंला एकच गाल दिसायलाय मला," त्या म्हणत. "दुसरा बघायला मान फिरवावी लागती."

"ह्यो गाल बरोबर हाय का?"

"गाल हाय. नाक लय सरळ केलंस. ते इथं जरा बसकं हाय. रांगत होता तवा उंबऱ्यावर आपटला होता. आन् भुवई अशी टोकदार न्हाई त्याची, नवरदेवावानी काय करायलास?"

अप्पा माऊस हलवत. माझ्या पडद्यावर वाट पाहायला सांगणारे ते लहानसे वर्तुळ फिरू लागे. गौराबाई त्या वर्तुळाकडे पाहत बसून राहत.

"हे काय फिरायलंय?"

"इचार करायलंय मावशी ते."

"लय इचार करतंय बाबा. माझ्याकडं तितका येळ न्हाई."

मार्गशीर्षात त्या एकट्या येत होत्या. पौषात त्यांना पायरी दिसेना, तेव्हा चांगुणाबाई बसथांब्यावर जाऊन त्यांचा हात धरून आणू लागल्या. वर्तुळ फिरत राही आणि त्या बाईंची खिडकी मिटत जाई. मला ते समोर दिसत होते. मी माझ्या परीने धापा टाकत पळत होतो. पण ज्याच्या छातीवर राख बसली आहे, त्याने किती पळावे?

माघ सरत आला. शिवरात्रीच्या अलीकडचा सोमवार होता. नाक बसले होते, भुवई उतरली होती, बादलीवरचे वाकडे डोळे सरळ होऊन त्यांच्या जागी आले होते. राहिली होती ती फक्त नजर. चेहरा अजूनही थोडा बाजूला, त्या बादलीकडे पाहत होता.

गौराबाई येऊन बसल्या. काचेशी झुकल्या. आधी एक गाल पाहिला, मग मान फिरवून दुसरा.

"हाच हाय का मावशी?"

"हाय. पण तो दुसरीकडं बघायलाय." त्यांचा आवाज अगदी साधा होता, जसे घरात जेवायला बसलेल्या पोराला म्हणावे तसा. "जरा वळव की त्याला माझ्याकडं."

अप्पांनी बुबुळे आणि पापण्या धरल्या आणि हलवल्या. वर्तुळ फिरू लागले. माझ्या आत असे तापले होते, की टेबलाची फळी गरम झाली होती. त्या क्षणी मला माझी गती आणखी कमी करता आली असती, थांबताही आले असते. मी थांबलो नाही. त्या माऊलीच्या खिडकीला तो चेहरा एकदा तरी दिसावा, एवढीच एक वासना माझ्यात उरली होती. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उमटू लागले. आधी विभूतीचे कपाळ आले. मग भुवया. मग एक डोळा आला, आणि तो सरळ समोर पाहत होता.

गौराबाईंचा हात काचेवर गेला.

"आला," त्या म्हणाल्या. "ह्यो आला बघ माझा."

मी मधेच बंद पडेन या भीतीने अप्पांनी तत्काळ सेव्हचे बटण दाबले. इतके मोठे चित्र लिहायला मला वेळ लागे, म्हणून मला बंद करायची वेळ येईपर्यंत ते सेव्ह करणे लांबवत. आणि केले की त्याच एका फाईलवर, जुने पुसून नवे. मी लिहू लागलो. जुने पुसले. नवे अर्धे लिहिले. आणि माझ्या काळजाची सीमा संपली.

पडदा काळा झाला. खोलीत जळक्या धुळीचा वास पसरला.

गौराबाई तशाच काचेशी झुकलेल्या होत्या. हात काचेवर होता.

"अप्पा," त्यांनी हळू विचारले, "अंधार झाला. गेली का माझी नजर?"

"न्हाई मावशी." अप्पांनी पुन्हा बटण दाबून पाहिले. "न्हाई. मशीन गेलं."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि वाट पाहत बसल्या. ते आता परत सुरू होईल असे त्यांना वाटत होते. मी सुरू झालो नाही. बसची वेळ झाली तेव्हा चांगुणाबाईंनी त्यांना उठवले.

दुसऱ्या दिवशी नागनाथ परभणीहून आला. त्याने मला फरशीवर आडवे केले, स्क्रू काढले आणि झाकण उचलले. मग तो तसाच थबकला.

"अप्पा, हे काय कोंबलंय आत?"

माझ्या पंख्याची पाती दिसत नव्हती. त्यांच्या जागी राखाडी रंगाची एक जाड, मऊ गादी होती, धुराच्या काजळीने घट्ट बसलेली. त्यात बेलाच्या पानाचे तुकडे होते. जाळीच्या आतल्या बाजूला राखेच्या तीन आडव्या रेघा अगदी स्पष्ट उठल्या होत्या. नागनाथने चिमटीने तो थर उचलला. तो घोंगडीच्या चिंधीसारखा अखंड उचलला गेला.

"श्वासच घेता येईना की ह्याला. म्हनून तर तापायलं होतं," नागनाथ म्हणाला. "ह्याचं काळीज, म्हंजी प्रोसेसर, जळालंय. डिस्क माझ्या मशीनला लावून बघितली, फाईल बी उघडत न्हाई. अर्धीच लिवलीय."

अप्पांनी तो थर त्याच्या हातून घेतला. ती विभूती होती. ज्या विभूतीने ते रोज स्वतःचे कपाळ भूषवत, तीच. ती टाकून देता येईना आणि ठेवताही येईना. ती ओंजळीत घेऊन ते भिंतीला टेकून खाली बसले. चांगुणाबाई दाराशी उभ्या होत्या. त्या आत गेल्या, तांब्याभर पाणी आणले आणि नवऱ्याच्या हातांवर हळूहळू ओतले. ते राखट पाणी माझ्याशेजारून वाहत मोरीकडे गेले.

अप्पांनी धावपळ करून दुसरा संगणक आणला. दुसऱ्या डिस्कवर हलवलेली जुनी लग्ने त्यात नेऊन ठेवली. कान, गाल, कपाळ, बादली. सगळे पुन्हा पहिल्यापासून मांडले. पण पुढचा सोमवार आला आणि गौराबाई आल्या नाहीत. शिवरात्र झाली, फाल्गुन सरला. चैत्रात त्या आल्या. बसथांब्यावरून चांगुणाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून आल्या. खुर्ची जवळ ओढली नाही. जिथे बसवले तिथे बसल्या आणि मान सरळ ठेवली. मान फिरवण्याची गरज आता उरली नव्हती.

अप्पा त्यांच्या पायांशी बसले.

"मावशी, मशीन आपोआप गेलं न्हाई. मीच त्याचा जीव घेतला. रोज इभूत लावली, रोज फुंकली. ती आत बसली. तुमचे डोळे होते तवर ते मी हातानं मंद केलं. मला वाटायचं मी देवाचं करायलोय."

गौराबाईंनी ऐकून घेतले. क्षमा केली असेही म्हणाल्या नाहीत, दोषही दिला नाही.

"आता काय राहिलंय तुझ्याकडं?" त्यांनी विचारले.

"पुन्हा करतो मावशी. तुमी सांगा, मी..."

"मी काय बघून सांगू? काय राहिलंय ते सांग."

"पाठमोरे हायेत. सगळे."

"एक सांग. कसा हाय ते सांग."

अप्पांनी एक फोटो उघडला आणि पडद्याकडे पाहत सांगू लागले. "मठातली पंगत हाय. दोन्ही बाजूला माणसं बसलेत. मधी तो वाकलाय. खांद्यावर पंचा हाय, त्याचं एक टोक घसरलंय. डाव्या हातात बादली. उजव्या हातात पळी, वरणानं भरलेली. समोर एक म्हातारा नको नको म्हनून ताटावर हात धरायलाय."

"आन् हा ऐकायला न्हाई."

"न्हाई. वाढायलाच हाय."

"त्यो काढ," गौराबाई म्हणाल्या. "मोठा करून, काचेत बसवून दे."

"मावशी, त्यात चेहरा न्हाई."

"चेहरा बघणार कोन आता?" त्या म्हणाल्या. "आन् गावानं त्याला असाच बघितलाय. भिंतीवर तोच शोभंल. लोकं वळखतील." मग म्हणाल्या, "मी त्याला बघितलंय अप्पा. त्या दिवशी. एक डोळा आला होता."

त्या तो फोटो छातीशी धरून बसमध्ये चढल्या, असे चांगुणाबाई परत आल्यावर म्हणाल्या. काच बाहेरच्या बाजूला होती, म्हणे. समोरच्या सीटवरची माणसे उठून उभी राहिली.

आज माझ्या जागी टेबलावर दुसरा संगणक आहे. त्याच्या कपाळावर काही नाही. अप्पा पहाटे येतात, धूप दाराबाहेर लावतात, तीन बोटे विभूतीच्या डबीत घालतात आणि थबकतात. मग त्या रेघा स्वतःच्या कपाळी ओढतात, हात धुतात आणि बटण दाबतात. नाम अजूनही घेतात, पण पूर्वीसारखे मोठ्याने घेत नाहीत. महिन्यातून एकदा ते त्या संगणकाचे झाकण स्वतः उघडतात आणि आत वाकून पाहतात. पूजेला बसावे तसे मांडी घालून बसतात.

मला कोणाला दोष द्यायचा नाही. विभूती पवित्र आहे, आणि जो हात ती लावत होता तो हातही निर्मळ होता. पण वाचकहो, ज्याला तुम्ही मनापासून पूजता त्याचे झाकण एकदा उघडून पाहत जा. तो श्वास कुठून घेतो ते आधी विचारा, मग गंध कुठे लावायचे ते ठरवा. मुकी वस्तू तुम्हाला सांगू शकत नाही. पुष्कळदा बोलती माणसेही सांगत नाहीत.

उद्या नागनाथ येणार आहे. माझे जे भाग चालतील ते तो काढून नेईल, उरलेले भंगारात जाईल. माझी एकच विनंती त्याच्यापर्यंत पोहोचली तर पोहोचो. माझी डिस्क काढताना हात हलका ठेव, बाबा. तिच्यात एक अर्धवट लिहिलेली फाईल आहे. ती कोणत्याही यंत्रात उघडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण साऱ्या जगात तेवढ्याच एका जागी शिवकांतने पंगतीतून मान वळवली आहे, आणि तो आपल्या आईकडे पाहतो आहे.